एकाच वाड्यातला दुरावा
‘राऊ’ कादंबरी आणि काशीबाईचा संसार

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. तिच्यामागची दंतकथा या भागात लहानथोरांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून आणले. नदीच्या मध्यावर दोन्हीकडून दगडांचा वर्षाव झाला आणि दोघांचा तेथेच अंत झाला. कथाही तेथेच संपते. त्या दोघांना चूल मांडावी लागली नाही, एकमेकांवर रुसावे लागले नाही. लोकांच्या तोंडी असलेल्या बहुतेक प्रेमकथा अशाच संसाराच्या उंबरठ्याबाहेर थांबतात.

उंबरठ्याच्या आत काय घडते, एका छपराखाली राहणारी पतिपत्नी मनाने दूर कशी जातात, हे सांगणाऱ्या कथा थोड्या. मराठी वाचकाला अशी एक कथा ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीत सापडते. ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. थोरला बाजीराव पेशवा आणि मस्तानी यांची प्रीती हा तिचा गाभा. पुढे २०१५ साली याच कादंबरीच्या आधाराने हिंदी चित्रपट निघाला आणि ज्यांनी पुस्तक पाहिलेही नव्हते त्यांच्या घरी ही नावे पोहोचली. पुष्कळांनी ती मस्तानीची कथा म्हणून वाचली. आम्ही वाचकांस ती एकवार काशीबाईची कथा म्हणून वाचावी असे सुचवितो.

काशीबाई ही चासच्या जोशी सावकारांची कन्या आणि बाजीरावाची लग्नाची बायको. बाजीरावाला १७२० साली, वयाची विशी पुरी होण्यापूर्वीच, पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्यानंतरची वीस वर्षे त्याचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. १७२८ च्या अखेरीस निघालेली स्वारी वऱ्हाड, चांदा आणि देवगड या वाटेने बुंदेलखंडाकडे गेली. हे देवगड आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातले. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुकेही २०२३ सालापर्यंत त्याच जिल्ह्यात होते. म्हणजे या कथेची वाट आपल्या मुलखाला लागूनच गेली. १७२९ च्या वसंतात बाजीरावाने वृद्ध राजा छत्रसाल याची महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून सुटका केली. त्या मोहिमेनंतर मस्तानी बाजीरावाच्या आयुष्यात आली आणि पुढे पुण्यास राहू लागली.

१७३२ साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. १७३४ साली काशीबाईस रघुनाथराव झाला आणि त्याच वर्षी मस्तानीसही समशेरबहाद्दर हा पुत्र झाला. ही दोन नावे आणि हे एक साल शेजारी ठेवून पाहावे. काशीबाईचे दुःख समजण्यास दुसरे वर्णन लागू नये. पतीने तिला टाकले नव्हते. तिचा मान, तिचे दागिने, तिची मुले, सारे जागच्या जागी होते. मन मात्र दुसरीकडे गेले होते. दुरावा म्हणजे बायकोने गाठोडे बांधून माहेरी जाणे एवढेच आपण समजतो. परंतु ताटे शेजारी शेजारी वाढली जात असतानाही दुरावा येऊ शकतो. तो शेजाऱ्यांस दिसत नाही, म्हणून त्याची विचारपूसही कोणी करीत नाही.

वडीलधाऱ्यांनी काय केले, हे त्याहून विचार करण्याजोगे आहे. आई राधाबाई, भाऊ चिमाजी अप्पा आणि थोरला मुलगा नानासाहेब यांना हे संबंध मान्य नव्हते. अखेर १७४० च्या आरंभी, बाजीराव मोहिमेवर असताना, मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवण्यात आले. घराण्याची अब्रू राखावी, बिघडलेले घर सावरावे, असाच त्यांचा हेतू असेल. पण त्या बळजोरीने पती पत्नीकडे परतला काय? मुळीच नाही. त्याच्या मनाला आणखी एक जखम झाली एवढेच. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे ज्वराने बाजीरावाचा अंत झाला. त्याचे वय चाळीसही नव्हते. त्या अखेरच्या दिवसांत काशीबाई आपला धाकटा मुलगा जनार्दन यास घेऊन त्याच्याजवळ होती. मस्तानीही त्यानंतर लवकरच वारली. तिची कबर पाबळ येथे आहे.

मस्तानीचा पोरका मुलगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. तो पेशव्यांच्या कुटुंबातच वाढला आणि त्याला काशीबाईने मायेने सांभाळले असे सांगतात. हाच समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या युद्धातील जखमांनी मरण पावला. ज्या मुलाला पाहून रोज जखम उघडी पडावी, त्याच्यावर राग काढावयाचा नाही, याला मन किती मोठे लागत असेल!

येथे एक सावधगिरीची सूचना. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. मनातले बोल आणि एकांतातले संवाद हे लेखकाच्या कल्पनेचे असतात. चित्रपट तर आणखी पुढे गेला. त्यात काशीबाई व मस्तानी एकत्र नाचताना दाखविल्या, आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले. तारखा आणि लढाया कागदपत्रांत सापडतात. काशीबाईला काय वाटले ते सांगणारे शब्द फारसे सापडत नाहीत. वीस वर्षे एवढा मोठा कारभार चालला, चहूकडे पत्रे धावली, पण तिच्या मनाची नोंद ठेवावी असे कोणास वाटले नाही.

आम्हांस या कादंबरीचे मोल वाटते ते याच ठिकाणी. आपल्या गावांतूनही काशीबाई आहेत. कोणी माहेरी परत आलेली आहे, कोणी सासरीच असून एकटी आहे. अशा वेळी चार वडीलधारी माणसे बसतात, मुलाच्या बापाशी बोलतात, मुलीच्या भावाशी बोलतात, क्वचित तिसऱ्याच कोणाला शिक्षा ठरवितात. ज्या दोघांनी वेदीपुढे एकमेकांस शब्द दिला त्यांना समोरासमोर बसवून, “तुला काय वाटते?” एवढा साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. पेशव्यांच्या वाड्यात धन होते, सत्ता होती, शहाणी माणसे होती. काशीबाईला हा प्रश्न कोणी विचारल्याचे मात्र कोठे वाचावयास मिळत नाही.

‘राऊ’ हाती आली तर कुटुंबात मोठ्याने वाचावी. बाजीरावाच्या स्वाऱ्या येतील तेव्हा मुले सावरून बसतील, मस्तानीचे प्रसंग तरुणांस आवडतील. परंतु काशीबाईचे पान येईल तेव्हा वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे, आणि ऐकणाऱ्यांत कोण गप्प झाले आहे ते पाहावे. विचारपूस तेथूनच सुरू करावयाची असते.