बुखारीच्या धुराड्याचा नळ कशाचा असावा?

काश्मीर, लडाख यांसारख्या हिमालयीन प्रदेशांत घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळण्याची पत्र्याची शेगडी वापरतात. तिला बुखारी असे म्हणतात. लेह येथे जानेवारीतील रात्री पारा शून्याखाली १५ अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी दारे-खिडक्या लावून सारे कुटुंब बुखारीच्या खोलीतच निजते. विषारी वायू बाहेर नेण्याचे काम एकट्या नळाकडे असते. आणि पुष्कळदा हा नळ लाकडी वासे व काटक्या यांनी बनलेल्या छपरातूनच वर जातो. यास्तव नळाची निवड शेगडीच्या निवडीहूनही अधिक विचाराने करणे अवश्य आहे.

नळावर दोन संकटे येतात. पहिले उष्णतेचे. शेगडीच्या तोंडाशी धुराचे उष्णतामान सामान्यतः २०० ते ४०० अंश सेल्सिअस असते. दुसरे संकट थंडीचे. वर जाताना धूर सुमारे १२० अंशांखाली निवला, की त्यातील बाष्प व डांबरी द्रव्ये नळाच्या आतल्या बाजूस चिकटतात. हा काळा थर आम्लधर्मी असल्याने धातूस खातो. त्याहून वाईट गोष्ट अशी, की तो पेटल्यास नळातील उष्णतामान १,००० अंशांच्याही वर जाते. नळाची खरी परीक्षा होते ती या प्रसंगी.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त व सर्वत्र मिळणारा असल्यामुळे पुष्कळ लोक तोच वापरतात. परंतु हा मुलामा सुमारे २०० अंशांपर्यंतच दीर्घकाळ टिकतो आणि ४२० अंशांस जस्त वितळते. फार तापल्यास त्यातून अपायकारक वाफा निघतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. म्हणजे धुराड्याच्या आगीत ते टिकणारच नाही. ॲस्बेस्टॉस-सिमेंटाचे नळ निर्धूर चुलींना एके काळी बसविले जात. पण ते तीव्र उष्णतेने तडकतात, व त्यांचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. म्हणून हे तिन्ही पदार्थ वर्ज्य होत.

जाड काळ्या पत्र्याचा, म्हणजे मृदू पोलादाचा नळ खोलीच्या आत योग्य ठरतो. पोलाद १,४०० अंशांच्या वर वितळते, आणि एकेरी नळातून निघणारी उष्णता खोलीस ऊब देते. मात्र लाकूड, कापड आदी वस्तू त्यापासून निदान ४५ सेंटिमीटर दूर असाव्यात.

छपरातून वर मात्र एकेरी नळ नको. तो वाशांस तापवितो आणि बाहेर लवकर निवून काजळी साठवितो. तेथे दुहेरी भिंतीचा, मध्ये खनिज लोकर भरलेला नळ घ्यावा. त्यात धूर उष्ण राहतो व बाहेरची बाजू त्या मानाने थंड राहते. आतली भिंत आम्लास दाद न देणाऱ्या स्टेनलेस स्टीलची हवी. हे पोलाद साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. ३ मीटर लांबीची भिंत ३०० अंशांनी तापल्यास सुमारे १५ मिलिमीटर वाढते. म्हणून सांध्यांत तेवढी मोकळीक ठेवावी लागते.

असा नळ महाग पडतो हे खरे. पैसा मर्यादित असल्यास तो प्रथम छपरातून जाणाऱ्या भागावर खर्च करावा, कारण घरास आग लागण्याचा धोका तेथेच सर्वाधिक असतो.

नळ जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्यात बसवावे, म्हणजे ओघळणारे डांबर खोलीत न गळता शेगडीत परत जाते. हिवाळ्यापूर्वी व हिवाळ्यातही अधूनमधून काजळी खरवडून काढावी आणि गंजलेला तुकडा तत्काळ बदलावा. शेवटी हेही ध्यानात ठेवावे, की कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो व वासही नसतो. उत्तम नळ बसविला तरी ताज्या हवेसाठी खोलीस एक झरोका उघडा असलाच पाहिजे.