हृदयछायेचे वाचन

छातीच्या क्ष-किरणचित्रात हृदयाची केवळ छाया उमटते. आणि छायेचे मान वस्तूइतकेच किरणांच्या उगमस्थानावरही अवलंबून असते. याचा विसर पडल्यास निरोगी मनुष्यावर हृदयविकाराचा शिक्का बसतो. म्हणून चित्र कोणत्या अवस्थेत घेतले, हे प्रथम ठरविणे अगत्याचे आहे.

नेहमीच्या चित्रात रुग्ण उभा असतो, किरण पाठीकडून येतात व छाया ज्यावर उमटते तो पट छातीला टेकलेला असतो. किरणनलिका सुमारे ६ फूट दूर असल्याने, छातीत पुढच्या बाजूस असलेल्या हृदयाची छाया फारशी वाढत नाही. शय्येवरील रुग्णाचे चित्र समोरून व जवळून घेतात; तेथे तेच हृदय मोठे दिसते. श्वास अपुरा घेतल्यास मध्यपटल वर राहते आणि हृदय आडवे होऊन रुंद भासते. १९१९ साली डँझर यांनी सुचविलेले हृदय व छाती यांच्या रुंदीचे गुणोत्तर प्रौढांत सामान्यतः ०·५ पर्यंत असते. परंतु ही मर्यादा पूर्ण श्वास घेऊन, पाठीकडून काढलेल्या चित्रासच लागू पडते.

यानंतर स्थानाचा विचार. हृदयाचा सुमारे एकतृतीयांश भाग मध्यरेषेच्या उजवीकडे असतो. आकसलेले फुप्फुस हृदयास आपल्याकडे ओढते. फुप्फुसावरणात साचलेला पुष्कळ द्रव त्यास पलीकडे ढकलतो. हृदयाचे टोक व जठरातील वायूची छाया ही दोन्ही उजवीकडे दिसल्यास सर्व अवयवांची अदलाबदल संभवते. मात्र डाव्या-उजव्याची खूण चुकीची लागली असल्यासही चित्र हुबेहूब असेच दिसते. अशा वेळी रुग्णाच्या छातीवर हात ठेवून हृदयाग्राचा ठोका शोधावा. अदलाबदल खरी असेल, तर आंत्रपुच्छाची वेदनाही डावीकडे उद्भवू शकते, हे शल्यचिकित्सकास आधी कळणे आवश्यक असते.

अखेरीस आकार. डावी कड वरून खाली महारोहिणीची कमान, फुप्फुस रोहिणी, डाव्या अलिंदाचे उपांग व डावे निलय यांनी बनते. उजवे निलय समोर असल्याने या चित्रात कडेवर येत नाही. द्विदल झडपेच्या संकोचात डावे अलिंद फुगून डाव्या कडेचा खोलगटपणा भरून निघतो. उलट, फालो यांनी १८८८ साली वर्णिलेल्या जन्मजात चतुर्विकृतीत फुप्फुस रोहिणीची जागा खोल व हृदयाग्र उचललेले असल्यामुळे छाया बुटासारखी दिसू शकते.

तात्पर्य, अवस्था, स्थान व आकार हा क्रम मोडल्यास छायेचा दोष हृदयाच्या माथी मारला जातो.