ओट्यावरची कपाटं कशाच्या भरवशावर?

घर लावताना : भाग ६

गेल्या आठवड्यात ओट्याची उंची ठरली. आता त्याच्या वर दीड-दोन फूट जागा सोडून टांगायची कपाटं.

इथे हमखास एक शंका निघते. आजीची स्टीलची मांडणी दोन-चार खिळ्यांवर वर्षानुवर्षं उभी राहिली, मग कपाटाचेच एवढे लाड कशाला? मांडणी उंच आणि उथळ असते, ताट-वाट्यांचं वजन भिंतीलगतच राहतं. कपाट मात्र फूटभर पुढे येतं. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ताच तीस किलोच्या पुढे जातो. त्यात तांदळाचे, पिठाचे डबे आले.

भरलेलं कपाट साठ किलोचं धरू. वजनाचा मध्य भिंतीपासून अर्धा फूट पुढे, म्हणून कपाट खालच्या कडेवर टेकून वरून सुटू पाहतं. वरचे स्क्रू त्या कडेपासून दोन फूट उंच असतील, तर त्यांना बाहेर खेचणारा जोर मिळून पंधरा किलोंचा. तेच स्क्रू एका फुटावर मारले की तीस. साठ किलोंचा खाली येणारा भार वेगळाच. स्क्रूची मुख्य ओळ वर हवी ती यासाठी. तीही पाठीच्या सहा मिलिमीटर प्लायमधून नको, आतून लावलेल्या जाड पट्टीतून हवी. पातळ पाठीतून स्क्रूचं डोकं आरपार निघतं आणि दोष बिचाऱ्या भिंतीला जातो.

भिंतीचेही प्रकार आहेत. वसई रोड–दिवा मार्गावरच्या खारबावसारख्या गावात जुनं घर भाजलेल्या विटांचं, तर नवी इमारत हलक्या ब्लॉकची असू शकते. मिस्त्री अशा ब्लॉकला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात. पुण्यात बी. जी. शिर्के यांनी स्वीडिश तंत्राने हे ब्लॉक बनवायला घेतले, तेव्हापासून ते नाव तोंडी बसलं. वीटकाम घनमीटरला १,८०० किलोंच्या आसपास भरतं, हा ब्लॉक साधारण ६०० किलो. उरलेली बहुतेक हवाच!

ड्रिलची भुकटी सगळं सांगते. लाल आली तर वीट. पांढरट, मऊ, पिठासारखी आली तर ब्लॉक. करडी येते आणि बिट पुढे सरकत नाही, तिथे काँक्रीट. सुरुवातीची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भुकटी मात्र प्लास्टरची. त्याच्या भरवशावर काहीच टांगू नये.

विटेत आठ मिलिमीटरचं भोक आणि त्याच मापाची नायलॉनची गिट्टी चालते. अशी फुगणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये काढली. भोक विटेच्या पोटात घ्यावं. जुन्या घरातला सांध्यातला चुना कधीच भुसभुशीत झालेला असतो. ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी आत नुसती फिरते. त्यासाठी खास लांब गिट्ट्या मिळतात. भिंत चार इंची असून पलीकडची खोलीही आपलीच असेल, तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी हा सर्वांत निर्धास्त उपाय.

खाडीकाठच्या दमट हवेत साधे स्क्रू गंजतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. स्विचबोर्डाच्या थेट वर-खाली भोक पाडू नये, आत वायर असते. रेघ लेव्हल पाइपने आखावी, कपाट खालून टेकू देऊन चढवावं आणि शेजारची कपाटं एकमेकांना स्क्रूने जोडल्यावरच टेकू काढावा.