पाण्यात उभा राहिलेला तो माणूस कोण होता?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, फोन बंद. लाखो चाकरमानी कचेऱ्यांतून निघाले ते छातीएवढ्या पाण्यातून, रेल्वेच्या रुळांवरून चालतच. त्या पावसाने राज्यात हजाराहून अधिक बळी घेतले. महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या त्याही त्याच दिवसांत. पण मुंबईच्या गदारोळात त्यांना बातमीत जागा थोडीच मिळाली!

त्या रात्री मुंबईत माणसाने माणसाला हात दिला. झाकण वाहून गेलेल्या गटारापाशी पोरे काठी रोवून उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला "इकडून नको, तिकडून जा" म्हणून ओरडून सांगत राहिली. कुणी दोर बांधला, कुणी चहाचे पातेले रस्त्यावर आणले, कुणी बिस्किटाचे पुडे वाटले. अडकलेल्या बायाबापड्यांना अनोळखी घरांनी रात्रभर थारा दिला. नाव विचारले नाही, मग आडनाव विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या देशात आडनाव कळल्याशिवाय पाण्याचा पेलाही पुढे होत नाही, त्या देशात ही गोष्ट लहान नव्हे.

वर्तमानपत्रांनी याला 'मुंबईचे स्पिरिट' असे गोंडस नाव दिले. ते स्पिरिट कुणाचे, हे मात्र सांगितले नाही. रुळाकाठी, नाल्याकाठी, महामार्गालगत राहतो कोण? झोपडपट्टीतला माणूस. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले होते, त्याच्याच चुलीवरचा चहा साहेबलोक प्याले. आणि हाच माणूस सात महिन्यांपूर्वी शहराचा शत्रू ठरला होता! २००० सालापर्यंतच्या झोपड्या अधिकृत करू, असे वचन देऊन काँग्रेसवाल्यांनी २००४ ची निवडणूक लढवली आणि डिसेंबरपासून बुलडोझर फिरवून ऐंशी हजारांच्या आसपास झोपड्या जमीनदोस्त झाल्या. तेव्हा 'मुंबई स्वच्छ होतेय' म्हणून समाधान मानणाऱ्यांपैकी कितीजण जुलैत त्या दोराला धरून घरी पोचले असतील?

संकट आले की जात गळून पडते, असे आपल्याला फार ऐकवले जाते. तसे असते तर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टणम जिल्ह्यात दलितांना मदत छावण्यांतून हुसकावले गेले नसते, पाण्याच्या टाकीला हात लावू नका असे सांगितले गेले नसते. लाट सर्वांवर सारखी आली; छावणीत मात्र जात पुन्हा हजर झाली. मग मुंबईत त्या रात्री ती का दिसली नाही? आमच्या मते, देणारा कोण होता यात त्याचे उत्तर आहे. तहान काय असते हे ज्याच्या बापजाद्यांनी भोगले, तो पाणी देताना हिशेब करत नाही. पाण्यावरच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्यावर गेलेल्यांचे वारस या वस्त्यांमधून मोठ्या संख्येने राहतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पलीकडे मैत्रीला स्थान दिले आहे. वरून खाली टाकलेली दया आणि बरोबरीने पुढे केलेला हात यांत फरक आहे. त्या पोराने गटारापाशी उभे राहून केली ती मैत्री. त्याला पावती नको होती.

पुढे काय झाले? पाणी ओसरल्यावर कुजलेली जनावरे आणि चिखल उपसायला सफाई कामगारच उतरले. मिठी नदीचे पात्र विमानतळाच्या धावपट्टीने आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने आवळले होते, ती दोन्ही आजही जागच्या जागी आहेत. नदी रुंद करायची म्हणून हटवल्या गेल्या त्या काठावरच्या झोपड्या. पुनर्वसनासाठी पुरावा मागितला गेला, फोटोपास आणि रेशनकार्डाचा. ते तर कित्येकांचे त्याच रात्री वाहून गेले होते.