वैमानिक परत आला, कारण त्याची नोंद होती

आंबिवली : शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर तुम्ही भाताची लावणी, खोडकिडा, खताचा हप्ता यांबद्दल वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे. शत्रूच्या मुलखात विमान पडलं, जवळजवळ वर्षभर कैदेत काढलं आणि तरी जो धडधाकट घरी आला, अशा एका मराठी वैमानिकाची ही हकिकत आहे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांनी ती जरूर वाचावी. त्यांच्या रोजच्या कामाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचं १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. वय ८२. माणूस पहिल्यापासून चिवट. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्यात त्यांच्या विमानाला आणि उजव्या खांद्याला इजा झाली. विमान सोडून दे, असा सल्ला मिळाला होता. तरी त्यांनी ते जखमी हातानं तळावर परत आणलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं.

रावळपिंडीची कोठडी

१९७१ च्या युद्धात परुळकर फ्लाइट लेफ्टनंट होते आणि सुखोई-७ हे विमान चालवत. १० डिसेंबरला त्यांचं विमान पाडलं गेलं. ते छत्रीनं उतरले आणि पकडले गेले. पुढे रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाच्या छावणीत त्यांना ठेवलं. आपले आणखी दहा-अकरा वैमानिक तिथे होते. सुरुवातीला प्रत्येकाला वेगळ्या कोठडीत एकटं ठेवलं होतं. नाताळच्या दिवशी सगळ्यांना प्रथमच एकत्र आणलं, तेव्हा कुठे एकमेकांची तोंडं दिसली.

युद्ध १७ डिसेंबरला थांबलं. पण कैदी लगेच सुटत नसतात. पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार कैदी भारताच्या ताब्यात होते आणि त्यांचा प्रश्न वाटाघाटीत अडकला होता. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी वैमानिक आतच. परुळकरांनी मात्र सुटकेची वाट पाहत बसायचं नाही असं ठरवलं होतं.

मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन साथीदार मिळाले. कात्री, स्क्रू-ड्रायव्हर अशा किरकोळ हत्यारांनी कोठडीच्या भिंतीतल्या विटा रात्री-रात्री सैल करायच्या आणि माती-चुना खाटेखाली लपवायचा, असं काम सुरू झालं. बाहेरच्या बाजूचा गिलावा तेवढा शेवटपर्यंत शाबूत ठेवला. कैद्यांना दरमहा मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले, जुन्या नकाशावरून वाट ठरवली आणि सुईला लोहचुंबक लावून होकायंत्र केलं. विमानात घालायच्या सुटाच्या पिशव्या पाण्यासाठी वापरल्या. अंगात कितीही धमक असली तरी तयारीशिवाय भागत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

१२ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर वादळ-पाऊस आला. पहारेकरी आडोशाला गेले आणि तिघे भोकातून बाहेर पडले.

चार-पाच मैल राहिले होते

बसनं ते पेशावरला पोचले आणि तिथून टांग्यानं, पायी, पुन्हा बसनं लंडी कोतल गाठलं. अफगाणिस्तानची हद्द तिथून चार-पाच मैल. आपण आंबिवलीहून कल्याणला जातो, साधारण तेवढंच अंतर.

घात केला तो जुन्या नकाशानं. त्यावर पुढचं स्टेशन होतं लंडी खाना. तिथली रेल्वे १९३२ मध्येच बंद पडली होती. तिथे जायची वाट विचारताच बाजारातल्या लोकांना संशय आला. जुना सातबारा घेऊन बँकेत कर्ज मागायला जावं, तशी गत झाली. शिवाय तेव्हा पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेनं अफगाणिस्तानात पळत होते. हे तिघेही त्यांतलेच, असा लोकांचा समज झाला आणि त्यांना तहसीलदारापुढे उभं केलं.

तिघांनी खोटी नावं घेतली होती. आम्ही पाकिस्तानी हवाई दलातले आहोत, असं ते सांगत होते. ते कुणाला पटेना. तो सगळा टोळ्यांचा मुलूख. पाकिस्तानचं नेहमीचं कोर्ट-कचेरीचं राज्यही तिथे चालत नव्हतं. अशा ठिकाणी कुणालाच माहीत नसलेल्या तीन माणसांचं काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

परुळकरांनी तहसीलदाराला एक फोन लावायला सांगितलं. हा फोन होता स्क्वॉड्रन लीडर उस्मान यांना. रावळपिंडीच्या छावणीचे हे प्रमुख कैद्यांशी माणुसकीनं वागत. तेव्हा ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या कार्यालयात बदलून गेले होते. परुळकरांनी त्यांना खरी गोष्ट सांगितली. उस्मान यांनी तहसीलदाराला सांगितलं, ही आमची माणसं आहेत, यांना सांभाळून ठेवा. तिघांचा जीव वाचला.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, शत्रूकडच्या एका अधिकाऱ्याला हे तिघे कोण आहेत ते ठाऊक होतं. दुसरी, तहसीलदारानं आधी चौकशी केली, मग पाऊल उचललं.

१९४९ च्या जिनिव्हा कराराचा सगळा भर यावरच आहे. पकडलेल्या सैनिकानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगायचा. आठवड्याच्या आत त्याच्या नावाचं कार्ड रेड क्रॉसकडे जाऊ द्यायचं. पळण्याचा प्रयत्न फसला, तर जीव घ्यायचा नाही. शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे हे वैमानिक लायलपूरच्या तुरुंगात गेले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा ओलांडून मायदेशी आले.

ज्याची नोंद नाही

आता दुसरी बाजू पाहा. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्यासारखं नाव तेव्हा एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पण परत आलेल्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून त्यांनी शोध सोडला नाही. भारत सरकारनं १९७९ मध्ये संसदेत अशा बेपत्ता सैनिकांची नावं सांगितली. पुढे ही यादी ५४ जणांची म्हणून ओळखली गेली. असे कुणी आमच्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचं उत्तर. कैद्यांच्या नातेवाइकांनी तिथले तुरुंग पाहिले, तेही रिकाम्या हातानं परतले.

आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट

ही फक्त वैमानिकांची गोष्ट नाही. २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या डहाणू, तलासरी भागातले आदिवासी बांधव खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. समुद्रात कुंपण नसतं. बोट हद्दीपलीकडे गेली की पाकिस्तानी पकडतात आणि माणूस कराचीच्या तुरुंगात जातो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली आणि माणूस आपलाच आहे अशी खात्री पटली, की महिन्याभरात सोडायचं, असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं जातात. तो कोण, कुठला, याची खात्री पटवायला कागद लागतो, आणि तो गावातूनच यावा लागतो.

म्हणून गावपातळीवर एवढं करा :

• कामासाठी लांब जाणाऱ्यांची एक वही ग्रामपंचायतीत ठेवा. नाव, वय, फोटो, अंगावरची खूण, कुठे गेला, कुणाकडे गेला आणि मोबाइल नंबर त्यात लिहा.

• बोटीवर जाणाऱ्याच्या बाबतीत बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि मालकाचा पत्ता घरी असू द्या. मच्छीमाराचं बायोमेट्रिक ओळखपत्र काढलंय का, तेही पाहा.

• जन्मदाखला आणि आधारची प्रत घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. स्पेलिंग दोन्हींवर एकच आहे ना, ते तपासा.

• माणूस अडकल्याची बातमी आली, की तोंडी सांगून थांबू नका. पोलीस ठाणे, तहसीलदार आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

• गावात अनोळखी माणूस सापडला, तर पोलीस पाटलांनी आधी चौकशी करावी. गर्दीच्या हाती त्याला देऊ नये.

या ग्रामसभेत हा विषय घ्याच. वीटभट्टीला, बोटीवर, परराज्यात गेलेली आपली माणसं किती आणि कुठे आहेत, हे विचारा. एकाही घराला उत्तर देता आलं नाही, तर वहीचं पहिलं पान त्या घराच्या नावानं सुरू करा.