‘जेवलास का?’ या प्रश्नाची ताकद

घरी सतराचा पाढा घडाघडा म्हणणारं पोर फळ्यापाशी उभं राहतं, गुरुजी आवाज चढवतात आणि सतरा चोक किती हेच त्याला आठवेनासं होतं. ‘पाठ केलेलं नाही,’ हा आपला निकाल ठरलेला. गंमत अशी, की पाढा डोक्यातून गेलेला नसतो. तिथवर जायची वाट तेवढी बंद झालेली असते.

मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा एक इवला भाग आहे. धोका हेरणं हे त्याचं काम. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही रसायनं रक्तात उतरतात, काळीज धडधडतं आणि कपाळामागचा विचार करणारा भाग मागे पडतो. हातचा धरायला, वाक्याचा धागा सांभाळायला लागणारी तात्पुरती स्मृती मुळातच तोकडी. एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावणारी. भीतीपुढे तीही आखडते. समोर साप आहे, की रात्री दारू पिऊन आलेल्या बापाचा आवाज अजून कानात आहे, शरीराची धावपळ साधारण तीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावावर दरडी कोसळल्या. अशा रात्री काढलेल्या मुलासाठी पत्र्यावर वाजणारा पाऊस नुसता पाऊस राहत नाही. मेंदूनं तो आवाज आणि ती भीती एकत्र बांधून ठेवलेली असते. वर्गात भूगोलाचा धडा चालू असतो, सर आली की याची नजर खिडकीबाहेर. आपल्या लेखी त्याचं ‘लक्ष नाही’. खरं तर त्याचं लक्ष फार आहे, फक्त ते नदीवर आहे.

मग ही भीती उतरते कशी? थक्क करणारी गोष्ट इथे आहे: बऱ्याचदा दुसऱ्या माणसामुळे. अमेरिकेत जेम्स कोन यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये झोपवलेल्या विवाहित स्त्रियांना विजेचा हलका झटका बसेल अशी धास्ती घातली. नवऱ्याचा हात हातात असताना त्यांच्या मेंदूतली धोक्याची खळबळ कमी दिसली. अनोळखी माणसाच्या हातानंही थोडा फरक पडला. पुढच्याच वर्षी मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाला दिसलं, की भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डाला शांत होते. ‘घाबरलायस का रे?’ हे विचारणं म्हणजे निव्वळ लाड नव्हेत.

वर्गातला पुरावा तर याहून अचाट. जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांतल्या ३१ गणित शिक्षकांचा अभ्यास मांडला. त्यातल्या काहींना तासाभराहून थोडा जास्त वेळ एवढंच वाचायला आणि लिहायला दिलं, की मूल का बिथरतं आणि शिस्त लावतानाही त्याचा मान कसा राखता येतो. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी वर्षभरात शाळेतून निलंबित झालेल्यांचं प्रमाण ४.८ टक्के, इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ९.६. निम्मं! आणि निलंबन काही फक्त गणिताच्या तासापुरतं मोजलेलं नव्हतं. एका शिक्षकाची नजर बदलली आणि पोरांची अख्ख्या शाळेतली निलंबनं कमी झाली.

साताऱ्याला याचं फार नवल वाटू नये. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. वेगवेगळ्या जातिधर्मांची, पहिल्यांदाच घर सोडलेली पोरं तिथे एका पंगतीला बसत. अन्न संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी आपण चवीनं सांगतो. माझ्या मते ती शिस्त पोरांना सोसली, कारण आत चूल पेटलेली होती आणि कोण जेवलं, कोण नाही, यावर कुणाचं तरी लक्ष होतं. स्कॅनर यायला तेव्हा अजून कित्येक दशकं होती.

म्हणून गुरुजींनी समुपदेशक व्हावं असं नाही. साठ पोरांच्या वर्गात ते जमणारही नाही. सगळ्यांदेखत ‘काय झालं?’ विचारू नये; तासानंतर वह्या उचलायला थांबवून घ्यावं आणि आधी ‘जेवलास का?’ एवढंच विचारावं. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे, हेही ध्यानात असावं.

मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवण-झोप उडाली असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर ते एकट्यानं निस्तरायचं काम नाही. त्याच दिवशी पालकांशी आणि डॉक्टरांशी बोला. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. दोन्ही आकडे शिक्षक खोलीत आणि वर्गाच्या दारामागे आजच लिहून ठेवा.