राम जोशी: फडावरून पडद्यावर

सोलापूरचा राम जोशी हा पेशवाईच्या अखेरच्या काळातला शाहीर. त्याचा जन्म १७६२ च्या सुमारास झाला असे मानतात, काही अभ्यासक १७५८ धरतात; मृत्यू १८१२-१३ च्या आसपासचा. घर जोशीपण करणाऱ्या ब्राह्मणाचे, थोरला भाऊ मुद्गल कीर्तन-पुराण सांगणारा. धाकट्याचे पाय मात्र धोंडी शाहिराच्या फडाकडे वळत. परंपरा सांगते की, भावाने त्याला घराबाहेर काढले, तो पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला आणि तरीही पुन्हा डफ-तुणतुण्याकडे परतला. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेय त्याला दिले जाते. सोलापूर कानडी मुलुखाच्या सीमेवरचे, त्यामुळे संस्कृत आणि मराठीच्या जोडीला कानडीही त्याच्या लावणीत सहज येते.

एवढ्या सामग्रीवर चरित्रग्रंथ लिहिणे अवघड; चित्रपटाला मात्र ती पुरेशी होती. घर, धर्म आणि कला यांची ओढाताण त्यात आयतीच होती. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरने १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ पडद्यावर आणला. ‘मतवाला शायर राम जोशी’ ही त्याची हिंदी आवृत्ती. दिग्दर्शनाची सूत्रे बाबूराव पेंटर यांच्याकडे होती आणि पुढे शांतारामांनी ती हाती घेतली. ज्यांच्या हाताखाली शांताराम कोल्हापुरात घडले, तेच गुरू आता चेल्याच्या स्टुडिओत काम करत होते. संगीत वसंत देसाई यांचे. पटकथेत आणि गीतांत ग. दि. माडगूळकर होते, आणि पटकथाकार म्हणून त्यांची ओळख याच चित्रपटापासून पक्की झाली.

जुन्या शाहिराचे आयुष्य दाखवताना खरी अडचण गाण्याची असते. राम जोशीच्या लावण्या पुढे छापल्या गेल्या, शब्द हाती राहिले. चाली मात्र कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. तोंडातोंडी जे उरले तेवढेच. शिवाय फडातली लावणी आणि चित्रपटातले गाणे यांचा वेळेचा हिशेबच वेगळा. फडात शाहीर एक कडवे म्हणतो, झीलकरी ध्रुवपद उंच सुरात उचलून धरतात, ढोलकीवाला समेवर येण्याआधी दोन-चार तुकडे वाजवून घेतो, बैठकीतून दाद आली की तीच ओळ पुन्हा रंगते. एक लावणी अशी अर्धा-पाऊण तास चालू शकते. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. देसाईंना त्या पसाऱ्यातून ठेका, झील आणि अनुप्रासाची फेक एवढेच उचलावे लागले. ते त्यांनी असे काही उचलले की, अनेकांच्या कानी आज राम जोशी म्हणून जे घुमते, ते बरेचसे वसंत देसाईंचे असते.

शब्दांचेही तसेच. चित्रपटात राम जोशीच्या मूळ रचना आहेत आणि माडगूळकरांनी त्याच घाटात लिहिलेल्याही. सामान्य प्रेक्षक त्यांत भेद करत नाही. माडगूळकरांच्या हातोटीला ही मोठीच दाद, पण शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला थोडी डोकेदुखीच.

नायकाच्या भूमिकेसाठी जयराम शिलेदार हा संगीत रंगभूमीवरचा गायक-नट घेतला, हा निर्णय फार मोलाचा ठरला. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेतल्या कंट्री गायिका लोरेटा लिन यांच्या आयुष्यावरच्या ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९८०) या चित्रपटात सिसी स्पेसेक यांनी स्वतः गाऊन ऑस्कर मिळवले, त्यामागची समजूतही हीच होती: गाणाऱ्याचे आयुष्य दाखवायचे तर श्वास त्याच देहातून यायला हवा.

चित्रपटाची नायिका बया हिची भूमिका हंसा वाडकर यांनी केली आणि तमाशापटाची वाट रुळली. शांतारामांनी होनाजी बाळावर ‘अमर भूपाळी’ (१९५१) काढला, संगीत पुन्हा देसाईंचेच. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला, त्यातही हंसाबाई होत्या. त्याच नावाने आलेल्या त्यांच्या आत्मकथनावर पुढे श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) केला, म्हणजे पडद्यावर बया झालेली बाईच चरित्रपटाचा विषय झाली.

अलीकडचे उदाहरण केदार शिंदे यांच्या ‘महाराष्ट्र शाहीर’चे (२०२३). नायक शाहीर साबळे हे दिग्दर्शकाचे आजोबा, भूमिका अंकुश चौधरी यांची, संगीत अजय-अतुल यांचे. इथे अडचण नेमकी उलटी. साबळ्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत जसाच्या तसा आहे आणि ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे त्यांनी गाजवलेले गीत त्याच वर्षी राज्यगीत झाले. त्यामुळे नव्या गळ्यातून आलेला प्रत्येक सूर प्रेक्षक मूळ सुराशी ताडून पाहतो. राम जोशीच्या बाबतीत तशी तुलना करायला कुणापाशी काहीच नव्हते, आणि देसाईंना मोकळीक मिळाली ती त्यामुळेच.